मुक्त कोडला मोकळा वेळ लागतो

२००६ च्या उन्हाळ्यात ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ योजनेतून विद्यार्थ्यांचे जवळजवळ दोनशे अर्ज आले. त्यांत एकाही मुलीचा अर्ज नव्हता. मग ग्नोमने खास मुलींसाठी मानधनासह वेगळी योजना जाहीर केली, तर शंभराच्या आसपास अर्ज आले. मुली होत्याच, बोलावणं नव्हतं.

मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. ओपन सोर्सचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की ही हकिकत मी वर्गात आवर्जून सांगते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं मांडली गेली : ते हवं तसं वापरा, त्याचा कोड वाचून बदला, इतरांना वाटा, सुधारलेलं रूपही वाटा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेलं लिनक्स याच वाटेने वाढलं. इथे कुणीही काम पाठवावं. जात, गाव, पदवी विचारली जात नाही, असं अभिमानाने सांगितलं जातं.

मग आकडे असे का? युरोपीय आयोगाच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासाने २००६ मध्ये सांगितलं की, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायका जेमतेम दीड टक्का आहेत. कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र २८ टक्के. प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला आणि वाटला जातो त्या गिटहब या संकेतस्थळाच्या २०१७ च्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते, ३ टक्के स्त्रिया. जिथे कुणी अडवत नाही म्हणतात, तिथेच बायका सर्वांत कमी.

स्त्रीवादी अभ्यासकांनी याचं पहिलं उत्तर वेळेत शोधलं. हे काम बहुतेकदा नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, फुकट केलं जातं. अ‍ॅश ड्रायडन यांनी २०१३ च्या लेखात दाखवून दिलं की, नोकरी देणारे उमेदवाराचं असं फुकटचं काम तपासू लागले, की ज्यांच्याकडे रिकामा वेळ आहे तेच पुढे जातात. आपल्याकडे तो कुणाकडे असतो? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. हॅकेथॉन म्हणजे सलग कोड लिहिण्याची स्पर्धा. माझ्या विद्यार्थिनी म्हणतात, “मॅडम, हॅकेथॉन रात्रभर असते आणि लेडीज हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं.” मुलं लॅबमध्ये पहाटेपर्यंत बसतात, एकमेकांकडून शिकतात, ओळखी जोडतात. मुलींचं हे शिक्षण गेटाशीच थांबतं.

दुसरा प्रश्न : काम म्हणून काय मोजायचं? कोड लिहिणाऱ्याचं नाव प्रकल्पाच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं. पण नवख्यांच्या शंका सोडवणं, मेळावे भरवणं, भांडणं मिटवणं, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून ठेवणं (डॉक्युमेंटेशन) यांना तेवढा मान नाही. घरकामासारखंच हे : केलं तर दिसत नाही, राहिलं की लगेच बोभाटा होतो.

तिसरा प्रश्न वागण्याचा. जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकात, स्त्रियांच्या चळवळीविषयीच लिहिताना एक गोष्ट सांगितली होती : उघड नियम नसले, की छुपी सत्ता राज्य करते. मुक्त सॉफ्टवेअरला हे तंतोतंत लागू पडतं. गिटहबवरच्या एका मोठ्या अभ्यासात बायकांनी पाठवलेले बदल एकंदरीत पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेलेले दिसले. पण प्रकल्पात नवखी असलेली व्यक्ती बाई आहे हे प्रोफाइलवरून कळत असेल, तर तिथे मात्र पुरुष पुढे होते. गुणवत्तेचा हवाला देणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

बदल झाले, ते कुणीतरी हट्टाने केले म्हणून. २००४ मध्ये डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात ‘डेबियन विमेन’ गट उभा राहिला. २०१८ मध्ये लिनक्स कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, नवी आचारसंहिता स्वीकारली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या उद्धट वागण्याबद्दल माफी मागितली. ग्नोमची ती योजना मरिना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि आज ‘आउटरीची’ या नावाने चालते. संगणक क्षेत्रात डावलल्या गेलेल्या सर्वांना ती आता खुली आहे. घरून काम, सोबत मेंटॉर आणि हातात मानधन. या तीन गोष्टी मिळाल्या की वेळेची अडचण बरीच सुटते.

आपल्या महाविद्यालयांनाही एवढं सहज जमेल. डॉक्युमेंटेशन आणि मराठी भाषांतराला कोडइतकेच गुण द्या. पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्या मुलीला एक अनुभवी सोबतीण नेमून द्या. आणि हॅकेथॉन सकाळी भरवा, नाहीतर हॉस्टेलचं गेट उघडं ठेवा.