जग मोडल्यानंतरची गोष्ट कशी वाचायची?

कसाऱ्याची गाडी आत्ताच गेली, म्हणजे पुढची येईपर्यंत निवांत बोलता येईल. जी मंडळी हे व्याख्यान घरी बसून वाचणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो : आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचं, आसनगावच्या पुढचं स्टेशन. तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. इथल्या शाळेच्या एका वर्गात आपण जमलो आहोत.

आजचा विषय आहे बिघडलेल्या किंवा मोडून पडलेल्या जगाच्या लघुकथा. अणुयुद्ध होऊन गेलं आहे, हिमयुग आलं आहे, किंवा जग वरून धडधाकट आहे पण आत माणसाला माणूस म्हणून जगता येत नाही, अशा कथा. त्या वाचायच्या कशा?

हा विषय का निवडला, ते आधी सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात याच वर्गात आम्ही मुलांना एक गोष्ट सांगितली होती. आम्हीच जुळवलेली, शंभर वर्षांनंतरची. तिच्यात पाणी संपलेलं असतं आणि बायका रात्र रात्र हंडे घेऊन रांगेत बसलेल्या असतात. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ही शंभर वर्षांनंतरची कशी? आमच्या पाड्यावर मे महिन्यात असंच असतं." वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि विषय बदलला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्या वाक्याचं उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी शब्द पाहू. टॉमस मोरनं १५१६ साली 'यूटोपिया' लिहिलं, ते एका कल्पित आदर्श बेटाचं वर्णन. त्याच्या उलटा शब्द 'डिस्टोपिया'. तो गाजला विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमुळे, पण १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञानं तो वापरला होता, आयर्लंडच्या प्रश्नावरच्या चर्चेत सरकारला टोला मारताना. म्हणजे हा शब्द सुरुवातीपासूनच चालू राजकारणाविषयी बोलतो आहे. भविष्य सांगण्यासाठी तो आलेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, जगबुडी आम्हाला नवी नाही. खरंच आहे. पुराणांत प्रलयाचे चार प्रकार सांगितलेत : नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी सगळं पाणी पाणी झालेलं पाहतो आणि त्या पाण्यात वडाच्या झाडावर त्याला एक बालक दिसतं. पण पुराणातला प्रलय वेळ झाली की येतो, जसा वैशाखानंतर ज्येष्ठ येतो. युग फिरतं, सृष्टी पुन्हा मांडली जाते. आजच्या कथांमधला विनाश असा कालचक्रानं येत नाही. कुणीतरी काहीतरी केलं, बाकीच्यांनी ते होऊ दिलं, म्हणून तो येतो. आणि नंतर सगळं पुन्हा मांडलं जाईलच, याची हमी नसते.

मग या कथा म्हणजे भाकीत आहेत का? अनेक वाचक तसंच वाचतात. कथेत सांगितलेलं साल उलटून गेलं की म्हणतात, बघा, काहीच झालं नाही. इथे आम्हाला आपल्या न्यायदर्शनाचा आधार घ्यावासा वाटतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अयथार्थ अनुभवाचे तीन प्रकार दिलेत : संशय, विपर्यय आणि तर्क. संशय म्हणजे हा खांब आहे की माणूस, अशी दुविधा. विपर्यय म्हणजे दोरीला साप समजणं. आणि तर्क? 'डोंगरावर आग नसती, तर धूरही नसता.' आता डोंगरावर आग आहे हे आपण जाणतो. तरी ती नाही असं घटकाभर मुद्दाम धरतो, कारण तसं धरल्यावर काय निघतं ते तपासायचं असतं. खोटं आहे हे माहीत असून जाणूनबुजून धरलेल्या अशा ज्ञानाला नैयायिक 'आहार्य' म्हणतात.

आमचं म्हणणं एवढंच आहे की डिस्टोपियाची कथा हा तर्क आहे. ती संशय नव्हे, भ्रम नव्हे, भाकीतही नव्हे. लेखक आपल्या हाताला धरून म्हणतो, "घटकाभर असं धरा." म्हणून कथा खरी ठरली का, हे विचारण्यात अर्थ नाही. असं धरल्यावर आजच्या जगातलं काय उघडं पडलं, हे विचारायचं.

त्यासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवतो.

पहिला : कथेत कुणाला कशाचं नवल वाटत नाही? रे ब्रॅडबरीची १९५० सालची एक कथा आहे, 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स'. कॅलिफोर्नियातलं एक स्वयंचलित घर. सकाळ झाली की घर वेळ सांगतं, नाश्ता करतं, साफसफाई करतं. माणूस मात्र एकही नाही. बाहेरची भिंत काळी पडली आहे आणि तिच्यावर घरातल्या माणसांच्या आकृत्या उमटून राहिल्या आहेत. युद्धाचं वर्णन जवळपास नाहीच. भीती वाटते ती त्या न खाल्लेल्या नाश्त्याची. घराला कशाचंच नवल नाही. ई. एम. फॉर्स्टरनं १९०९ साली लिहिलेल्या 'द मशीन स्टॉप्स'मध्ये माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात आणि यंत्रातून एकमेकांशी बोलतात. मुलगा आईला म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटायचं आहे. आईला नवल वाटतं ते त्याच्या मागणीचं, आपल्या खोलीचं नाही. अशी जागा दिसली की पेन्सिलीनं खूण करा. कथेचं मर्म बहुधा तिथंच असतं.

हे लघुकथेत विशेष जमतं, कारण लघुकथेला जागा कमी असते. कादंबरी ते जग कसं घडलं, कायदे कोणते, सत्ता कुणाची, हे सावकाश सांगते. लघुकथा आपल्याला उंबऱ्यावर उभं करून एकच खोली दाखवते. बाकीचं घर आपण बांधायचं, आणि ते बांधताना विटा आपल्याच गावातून आणाव्या लागतात.

दुसरा प्रश्न : कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही? यासाठी मराठीकडे वळू. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना. निघतं. त्यांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. पण आज आपण 'धूमकेतू' घेऊ. दत्त नावाचा हौशी आकाशनिरीक्षक एक धूमकेतू शोधतो. त्याला त्याचं नाव मिळतं, सत्कार होतात. पुढे कळतं की तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. केंब्रिजला मोजक्या शास्त्रज्ञांची गुप्त बैठक होते आणि अणुस्फोटानं त्याची वाट बदलायचं ठरतं. इकडे दत्तांच्या पत्नीनं अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ मांडलेला असतो. धूमकेतू टळतो. घरात श्रेय यज्ञाला!

ही कथा अंधश्रद्धेवर टीका म्हणून वाचतात आणि ते बरोबरच आहे. पण आपला प्रश्न लावून पाहा. जग वाचवायचा निर्णय बंद दाराआड झाला. दत्तांच्या पत्नीला कुणी काही सांगितलंच नाही. ज्याला काही सांगितलं जात नाही, तो यज्ञ करणार नाही तर काय करणार? लेखकाला हे अभिप्रेत होतं की नव्हतं, हा मुद्दा नाही. तर्क एकदा मांडला की तो वाचकाचाही होतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे : इथला करार खरोखर अटळ आहे का? अर्सुला ले ग्विनची १९७३ सालची 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' ही कथा घ्या. ओमेलास हे सुखी शहर आहे. उत्सव, संगीत, तृप्त माणसं. पण एका तळघरात एक मूल अंधारात, उपाशी, घाणीत कोंडलेलं आहे. शहराचं सगळं सुख त्या मुलाच्या हालांवर टिकून आहे, आणि हे प्रत्येक नागरिकाला माहीत आहे. बहुतेक जण रडतात, मग समजूत घालून घेतात. काही जण मात्र शहर सोडून निघून जातात.

आता आटगावकडे या. इथून जवळच तानसा धरण आहे, १८९२ साली पुरं झालेलं. याच तालुक्यात भातसा आहे. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. आम्ही आयुष्याची चाळीस वर्षं मुंबईत काढली. सकाळी नळ सोडला की पाणी यायचं. ते कुठून येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. गाडीतून ते जाडजूड पाइप आम्ही किती वेळा पाहिले असतील! नवल कधी वाटलं नाही. पहिल्या प्रश्नाची पेन्सिलीची खूण आमच्याच नावावर पडते. निवृत्तीनंतर आम्ही इकडे राहायला आलो, हेही काही मोठेपणाचं नाही. ओमेलास सोडून जाणाऱ्यांमुळे ते मूल सुटत नाही.

पण इथे एक फरक आहे, आणि तो करण्यासाठीच तर्क असतो. ले ग्विनच्या कथेत करार का आहे, याचं कारण दिलेलं नाही. तो तसा आहे, बस्स. मूल बाहेर काढलं की सुख संपलं. आपल्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीला कारण आहे. इथे पावसाळ्यात मुबलक पाऊस पडतो, पण खाली काळा कातळ आहे, तो पाणी धरत नाही. अनेक पाडे उंचावर आहेत आणि धरणाचं पाणी खाली. ते वर चढवायला पंप, पाइप, वीज आणि पैसा लागतो. कुणाच्या वाट्याला किती पाणी, हे कागदावर ठरवलेलं आहे. माणसांनी ठरवलेलं आहे. ज्याला कारणं असतात ते बदलता येतं. पाड्यावर पाणी चढलं म्हणून मुंबई तहानेनं मरणार नाही. कथेतला करार अटळ आहे. आपल्याला अटळ वाटतो तो नुसता सवयीनं.

म्हणून त्या मुलीला आमचं उत्तर असं. पोरी, तू बरोबर होतीस. शंभर वर्षांनंतरचं म्हणून आम्ही सांगितलं, ते तुझ्या पाड्यावर आजच आहे. पण गोष्ट त्यामुळे फुकट गेली नाही. ती ऐकून तुला जे दिसलं, ते आम्हाला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. चूक आमच्या वाचण्यात होती, आणि हसून विषय बदलण्यातही.

पुढच्या वेळी येताना अशी एक कथा वाचून या, हे तीन प्रश्न तिला लावा, आणि उत्तरं वहीत लिहून आणा. जमलं तर चौथा प्रश्न तुम्हीच काढा. ऐका, गाडीचा आवाज येतोय. आता तुमचे प्रश्न. मागच्या बाकापासून सुरुवात करू.