एकच नाव, निराळे अंतरंग

राउटरच्या पेटीवरील नाव एकच असले म्हणजे आतील ऐवजही एकच असणार, अशी जी ग्राहकाची सहज समजूत असते, तिला लिंक्सिस कंपनीच्या निळ्या-काळ्या, दोन अँटेना उभारलेल्या डब्ल्यूआरटी५४जी या यंत्राने चांगलाच तडा दिला. २००२ च्या अखेरीस ते बाजारात आले, आणि त्याचा कारभार लिनक्सवर चालतो हे उघडकीस आल्यावर, परवान्याच्या शर्तींनुसार कंपनीला २००३ साली त्याची मूळ संहिता प्रसिद्ध करावी लागली. हौशी तंत्रज्ञांनी तीत मनसोक्त फेरफार आरंभिले आणि ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प त्यातूनच उदयास आला. पहिल्या आवृत्तीतील १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर दुसरीत २०० वर गेला, ही प्रगतीच म्हणावयाची. परंतु वीज गेली तरी मजकूर टिकविणारी ४ मेगाबाइटची फ्लॅश आणि चालू कामापुरती १६ मेगाबाइटची रॅम, या दोन्ही २००५ च्या पाचव्या आवृत्तीत निम्म्यावर आणल्या गेल्या, आणि एवढ्या तुटपुंज्या जागेत लिनक्सचा संसार मावेना म्हणून व्हीएक्सवर्क्स ही आटोपशीर प्रणाली तेथे बसविण्यात आली. बाह्य रूप तेच; फरक काय तो तळाच्या चिठ्ठीवरील आवृत्तीच्या बारीक नोंदीत! काटकसर हा कारखानदाराचा हक्क खरा, पण नाव कायम ठेवून ती करणे मला सचोटीचे वाटत नाही. जुन्या घडणीचे यंत्र मागणाऱ्यांसाठी कंपनीने पुढे डब्ल्यूआरटी५४जीएल निराळे विकावयास काढले.