दिवाळीचा अंक

दिवाळीला आपण घरी करंज्या, लाडू, चिवडा करतो. तसाच एक फराळ छापखान्यातही होतो. त्याला दिवाळी अंक म्हणतात. त्यात गोष्टी असतात, कविता असतात, लेख, फोटो आणि हसवणारी चित्रेही असतात.

ही रीत आली कुठून? विलायतेत डिसेंबरात नाताळचा सण असतो. तिथली मासिके त्या सणाला जाडजूड खास अंक काढीत. इकडे मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र हे गृहस्थ ‘मनोरंजन’ मासिक चालवीत. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली भाषेच्या ओढीने त्यांनी मित्र हे नाव घेतले. नाताळ अंकांचा नमुना त्यांनी पुढे ठेवला आणि १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. नमुना साहेबाचा, पण सण आपला आणि भाषाही आपली!

मग ही चाल मराठी मुलखात रुजली. आता दरवर्षी शेकडो अंक निघतात. १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ सुरू केला. त्यातल्या खिडकी-चित्रांची मोठी गंमत. पानाला खिडकी कापलेली असते. तिच्यातून एक दिसते, पान उलटले की भलतेच निघते! ज्याला अक्षर येत नाही तोही हसतो.

कुणी म्हणेल, आम्ही नुकते वाचू लागलो. एवढे जाड बाड कसे संपायचे? अहो, संपवायचे कशाला? करकंबच्या बाजारात गेलो म्हणजे आपण सगळा बाजार थोडाच उचलून आणतो? आधी चित्रे पाहा. मग चार ओळींची कविता मोठ्याने वाचा. कविता कानाला लवकर कळते. मोठी गोष्ट रोज एक पान. राशिभविष्यावर मात्र फार वेळ घालवू नये, असे आम्हांला वाटते.

राहिली किंमत. अंक महाग असतात, आणि सणाला घरात आधीच ओढाताण. पण अंक एकट्यानेच घ्यावा असे कुठे आहे? चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावा, आळीपाळीने वाचावा. कित्येक वाचनालये थोडी वर्गणी घेऊन पुष्कळ अंक वाचायला देतात. तिथेही विचारावे.

आणि घाई नको. उसाच्या कामातून सवड मिळेल तसे वाचा. फराळ पंधरा दिवसांत संपतो. अंक होळीपर्यंत पुरतो, बरं का!