हेलिकॉप्टर वैमानिकाचा परवाना : पात्रतेच्या पायऱ्या आणि सुरक्षिततेचा प्रश्न

भारतासारख्या विस्तीर्ण आणि भौगोलिकदृष्ट्या वैविध्यपूर्ण देशात हेलिकॉप्टर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुंबईच्या समुद्रातील तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण, हिमालयातील तीर्थयात्रा, ईशान्येकडील दुर्गम जिल्ह्यांशी संपर्क, पूर आणि भूकंपातील मदतकार्य अशा अनेक कामांसाठी देश हेलिकॉप्टरवर अवलंबून आहे. तेल उत्खननाची गरज मुख्यतः समोर ठेवून १९८५ मध्ये पवन हंस या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि मुंबईतील जुहू विमानतळ तिच्या कामाचे एक प्रमुख केंद्र बनले. प्रादेशिक हवाई संपर्कासाठी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेतही दुसऱ्या फेरीपासून हेलिकॉप्टर मार्गांचा समावेश करण्यात आला. या विस्ताराबरोबर एक मूलभूत प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे हे यान चालवणारी व्यक्ती पात्र आहे हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारे?

कायदेशीर चौकट

वैमानिकांच्या परवान्यांचे किमान निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरतात. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजेच ‘इकाओ’, अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. या कराराचे परिशिष्ट १ हे वैमानिक व इतर कर्मचाऱ्यांच्या परवान्यांविषयी आहे. सदस्य राष्ट्रे या निकषांच्या आधारे आपापले नियम करतात.

भारतात ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. २०२० च्या दुरुस्तीने या यंत्रणेला वैधानिक दर्जा मिळाला. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. परवान्यांच्या तपशीलवार अटी मात्र विमान नियम, १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत मांडलेल्या आहेत. कायदा आणि नियम यांतील हा फरक स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्वतंत्र परवाना का?

स्थिर पंखांचे विमान चालवणाऱ्याला त्याच परवान्यावर हेलिकॉप्टर चालवता येत नाही. याचे कारण दोन यानांच्या उड्डाणतत्त्वात आहे. विमानाला पुढे धावण्यातून उचल मिळते, तर हेलिकॉप्टरला ती डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांतून मिळते. वैमानिकाच्या डाव्या हातातील ‘कलेक्टिव्ह’ दांडा सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलून उचल कमी-जास्त करतो. उजव्या हातातील ‘सायक्लिक’ दांडा पात्यांच्या चक्राला हव्या त्या दिशेने कलते करतो. मुख्य पाती ज्या दिशेने फिरतात त्याच्या उलट दिशेने हेलिकॉप्टरचा सांगाडा फिरू पाहतो. ही ओढ शेपटीवरील पंख्याने रोखली जाते आणि त्याचे नियंत्रण पायांतील पेडल्सकडे असते. यांपैकी एक नियंत्रण हलवले की उरलेल्या दोहोंतही दुरुस्ती करावी लागते. म्हणूनच हवेत एका जागी स्थिर राहणे, जे पाहणाऱ्याला सर्वांत सोपे वाटते, ते शिकणाऱ्याला सर्वांत अवघड जाते.

इंजिन बंद पडल्यास काय करावे, याचे शिक्षणही वेगळे असते. वैमानिकाने तत्काळ कलेक्टिव्ह खाली घेतला, तर उतरताना खालून वर येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. जमीन जवळ आल्यावर, फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जा वापरून वेग कमी करता येतो आणि सुरक्षित उतरता येते. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. त्यासाठी निर्णयाला मिळणारा अवधी फार थोडा असतो आणि तो केवळ सरावाने हाताशी येतो. प्रशिक्षणात उड्डाणाचे तास मोजण्यावर भर असतो, त्यामागील हे एक प्रमुख कारण आहे.

परवान्याच्या चार पायऱ्या

पहिली पायरी प्रशिक्षणार्थी वैमानिक परवान्याची. भारतात यासाठी किमान वय १६ वर्षे आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे. हा परवाना म्हणजे केवळ शिकण्याची परवानगी होय. प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली आणि देखरेखीखालीच एकट्याने उड्डाण करता येते.

दुसरी पायरी खासगी वैमानिक परवान्याची. किमान वय १७ वर्षे. इकाओच्या निकषानुसार हेलिकॉप्टरवरील किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ही मर्यादा ३५ तासांची आहे. त्यात किमान १० तास एकट्याने उड्डाण हवे आणि त्यांपैकी ५ तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे हवेत. अशा एका प्रवासात किमान १८० किलोमीटर अंतर कापून दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरावे लागते. या परवान्यावर हेलिकॉप्टर चालवता येते, पण त्याचा मोबदला घेता येत नाही.

तिसरी पायरी व्यावसायिक वैमानिक परवान्याची. वैमानिकाचा पेशा खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. किमान वय १८ वर्षे. इकाओच्या निकषानुसार १५० तासांचे, अथवा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १०० तासांचे, हेलिकॉप्टर उड्डाण आवश्यक आहे. त्यात प्रमुख वैमानिक म्हणून ३५ तास, प्रमुख वैमानिक या नात्याने प्रवासी मार्गावरील १० तास आणि केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचे १० तासांचे शिक्षण यांचा समावेश असतो. रात्री उड्डाण करावयाचे असल्यास त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. हा परवानाधारक एकच वैमानिक पुरेसा असलेल्या हेलिकॉप्टरवर व्यावसायिक वाहतुकीत प्रमुख वैमानिक म्हणून, तर दोन वैमानिकांच्या हेलिकॉप्टरवर सहवैमानिक म्हणून काम करू शकतो.

चौथी आणि सर्वोच्च पायरी म्हणजे विमान वाहतूक वैमानिक परवाना, जो ‘एटीपीएल’ या नावाने ओळखला जातो. किमान वय २१ वर्षे आणि हेलिकॉप्टरवरील किमान १,००० तास हा इकाओचा निकष आहे. त्यात प्रमुख वैमानिक म्हणून २५० तास हवेत; अथवा ७० तास प्रमुख वैमानिक म्हणून आणि उरलेले देखरेखीखाली प्रमुख वैमानिकाची कामे पार पाडत पूर्ण केलेले चालतात. याशिवाय २०० तासांचे प्रवासी मार्गावरील उड्डाण, ५० तासांचे रात्रीचे उड्डाण आणि ३० तासांचा उपकरणाधारित अनुभव अपेक्षित असतो. दोन वैमानिकांची गरज असलेल्या हेलिकॉप्टरचे व्यावसायिक वाहतुकीतील नेतृत्व याच परवान्यावर करता येते.

या पायऱ्यांखेरीज परवान्यावर काही ‘रेटिंग’ची नोंद होत असते. हेलिकॉप्टरच्या विशिष्ट प्रकारासाठीचे, दृष्टीआड हवामानात उपकरणांच्या साहाय्याने उड्डाणाचे आणि प्रशिक्षक म्हणून शिकवण्याचे रेटिंग स्वतंत्रपणे मिळवावे लागते.

परीक्षा, आरोग्य आणि भाषा

शिक्षणाची किमान अट इकाओ घालत नाही. भारताने ती स्वतःहून घातली आहे. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असणे ही भारतातील प्रस्थापित अट आहे. ती शिथिल करण्याविषयी २०२५ मध्ये चर्चा सुरू झाली, त्यामुळे इच्छुकांनी अर्ज करण्यापूर्वी महासंचालनालयाची ताजी अधिसूचना पाहणे इष्ट ठरेल.

लेखी परीक्षेत हवाई नियम, हवाई मार्गनिर्धारण, विमानविषयक हवामानशास्त्र आणि तांत्रिक ज्ञान हे विषय असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. त्यानंतर प्रत्यक्ष उड्डाणात कौशल्य चाचणी होते.

खासगी परवान्यासाठी द्वितीय श्रेणीचे, तर व्यावसायिक आणि एटीपीएल परवान्यांसाठी प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, श्रवणशक्ती आणि हृदयाचे आरोग्य यांची त्यात काटेकोर तपासणी होते. खर्चिक प्रशिक्षणाला प्रारंभ करण्यापूर्वी ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. हेलिकॉप्टरच्या एका तासाच्या प्रशिक्षणाचा खर्च लहान विमानाच्या कित्येक पट असतो आणि वैद्यकीय कारणाने अपात्र ठरल्यास तो वाया जातो.

रेडिओवरील संभाषणासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आवश्यक असते. पूर्वी ते दूरसंचार खात्यामार्फत मिळे. २०२४ च्या अधिनियमाने हा अधिकार महासंचालनालयाकडे आणला. इंग्रजी भाषेच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळीही आवश्यक आहे. व्यावसायिक व एटीपीएल परवान्यांची वैधता २०२३ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षे करण्यात आली. वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण मात्र त्याहून अल्प मुदतीने करावेच लागते.

सैन्यदलांतून येणारे मनुष्यबळ

भारतातील नागरी हेलिकॉप्टर सेवेला अनुभवी वैमानिकांचा पुरवठा दीर्घकाळ सैन्यदलांतून होत आला आहे. हवाई दल हैदराबादजवळील हकीमपेट येथे, नौदल तमिळनाडूतील अरक्कोणम येथे आणि भूदलाची हवाई शाखा नाशिक येथे हेलिकॉप्टर वैमानिक घडवते. निवृत्तीनंतर नागरी सेवेत येताना त्यांनाही महासंचालनालयाच्या अटी पूर्ण करून नागरी परवाना घ्यावा लागतो. नागरी विद्यार्थ्यांसाठी हेलिकॉप्टर प्रशिक्षणाच्या सोयी विमान प्रशिक्षणाच्या तुलनेत मोजक्याच आहेत. बंगळूरू येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सची प्रशिक्षण संस्था हे त्यांतील एक परिचित नाव होय. मागणी वाढत असताना केवळ निवृत्त सैनिकी वैमानिकांवर विसंबणे दीर्घकाळ शक्य होणार नाही.

परवाना आणि प्रत्यक्ष क्षमता

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथजवळ आणि १५ जून २०२५ रोजी गौरीकुंड परिसरात झालेल्या हेलिकॉप्टर दुर्घटनांत प्रत्येकी सात जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी परिसरातील हवामान प्रतिकूल होते. अशा घटनांची कारणे ठरवणे हे चौकशी यंत्रणेचे काम आहे. तथापि, पर्वतीय उड्डाणातील धोके समजून घेणे आवश्यक आहे.

सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच उरते. पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. अरुंद दऱ्यांत वारा क्षणात दिशा बदलतो आणि ढग काही मिनिटांत वाट झाकून टाकतात. क्षितिज दिसेनासे झाले की आतील कानातून मिळणारी तोलाची जाणीव फसवी ठरते. यान कलते असतानाही ते सरळ आहे असा भास होऊ शकतो. अशा वेळी उपकरणांवर विश्वास ठेवण्याचे प्रशिक्षण आणि शेजारी दुसरा वैमानिक असणे या दोन गोष्टी निर्णायक ठरू शकतात. त्याहूनही महत्त्वाचा असतो तो वेळीच माघारी वळण्याचा निर्णय. प्रवाशांची गर्दी आणि फेऱ्यांचे वेळापत्रक यांचा दबाव नेमका याच निर्णयावर येतो.

तासांचे निकष ही पात्रतेची खालची मर्यादा आहे. समुद्रावर मिळवलेले हजार तास आणि हिमालयातील हजार तास नोंदवहीत सारखे दिसतात, पण ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून पर्वतीय मार्गांसाठी त्या प्रदेशातील विशिष्ट अनुभव, उपकरणाधारित प्रशिक्षण, स्थानिक हवामानाची तत्काळ माहिती आणि उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला संस्थेचे पाठबळ यांची जोड परवान्याला मिळाली पाहिजे. देशांतर्गत प्रशिक्षणाच्या सोयी वाढवताना हा विचार अभ्यासक्रमातच अंतर्भूत झाला, तर हेलिकॉप्टर सेवेचा विस्तार आणि प्रवाशांची सुरक्षितता ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साध्य होऊ शकतील.