मोजली प्रार्थना, निसटला माणूस

इतरांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांना फायदा होतो का, हे तपासणारा अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांचा गाजलेला प्रयोग एप्रिल 2006 मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. त्याला आता वीस वर्षं होत आहेत. त्यापासून आपण काही शिकलो असतो, तर कोविडच्या काळात, 2021 मध्ये, ऋषिकेशच्या एम्समध्ये 20 रुग्णांवर गायत्री मंत्र आणि प्राणायाम यांची एकत्र चाचणी हाती घेतली गेली नसती. पैसा केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा. एवढ्याशा रुग्णांत, दोन्ही गोष्टी एकदम करायला लावल्यावर फरक कशाने पडला हे कळणार कसं? ती बातमी मला फार लागली.

विषय जुनाच आहे. 1872 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी दाखवून दिलं की राजाच्या दीर्घायुष्यासाठी अख्खी प्रजा प्रार्थना करते, तरी राजघराण्यातली माणसं इतर सधन वर्गांपेक्षा जास्त जगत नाहीत. पुढची शंभर वर्षं या क्षेत्रात फारसं काही हललं नाही.

खरी धामधूम झाली ती 1996 ते 2006 या दशकात. धर्म आणि विज्ञान यांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या टेम्पलटन फाउंडेशनचा पैसा अमेरिकेत खेळू लागला होता. ड्यूक विद्यापीठाचे हॅरॉल्ड कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास गोळा करून 2001 मध्ये जाडजूड संदर्भग्रंथ काढला. चर्चमध्ये नियमित जाणारे आणि कधीच न जाणारे यांच्या आयुर्मानात सुमारे सात वर्षांचा फरक असल्याचं 1999 मध्ये एका मोठ्या पाहणीत दिसलं. त्याच वर्षी रिचर्ड स्लोन यांनी ‘लॅन्सेट’मधून बजावलं, की जे मुळात धडधाकट असतात तेच चर्चपर्यंत चालत जाऊ शकतात, हे आधी हिशेबात घ्या.

तेव्हा मी एका मराठी दैनिकासाठी आरोग्यावर लिहीत होते. 2001 मध्ये बातमी आली, की दूरदेशीच्या लोकांनी प्रार्थना केल्यावर कोरियातल्या स्त्रियांमध्ये टेस्ट ट्यूब उपचारांचं यश जवळपास दुप्पट झालं. आमच्याकडे ती पहिल्या पानावर गेली. 2004 मध्ये त्या बातमीमागच्या शोधनिबंधाचे एक लेखक डॅनियल वर्थ यांनी दुसऱ्याच एका फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि ज्येष्ठ सहलेखकाने निबंधावरून आपलं नाव काढून घेतलं. त्याबद्दल मी दिलेल्या चार ओळी मात्र छापल्या गेल्या नाहीत. मूल होत नाही म्हणून दारोदार फिरणाऱ्या बायकांनी ती पहिली बातमी वाचली होती. याचा राग मला आजही आहे.

मग बेन्सन यांचा निकाल आला. सहा रुग्णालयं, बायपासचे 1,802 रुग्ण, 24 लाख डॉलर खर्च. नक्की काही न सांगता ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यापैकी 52 टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्के.

या गलबल्यात एक मोलाचं काम झाकलं गेलं, याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका निवाऱ्याला आग लागून साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. पुढच्याच वर्षी, याच्या अगदी उलट चित्र मांडणारा, मनोविकारतज्ज्ञ आर. रघुराम आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याच राज्यातल्या मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या 31 मनोरुग्णांना त्यांनी तपासलं होतं. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांची तीव्रता जवळपास 20 टक्क्यांनी उतरली. तिथे खास उपचारविधी नव्हते. सोबत घरचं माणूस होतं, हलकीफुलकी कामं होती, जबरदस्ती नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही उणीव खरी. पण ती भरून काढायला पुढचा अभ्यास मोठा करायचा असतो.

पुढे 2016 मध्ये हार्वर्डच्या टायलर व्हँडरवील यांच्या गटाने 74,534 परिचारिकांच्या नोंदी तपासल्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा चर्चमध्ये जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 33 टक्क्यांनी कमी निघालं, आणि त्यामागच्या कारणांत माणसांचा आधार ठळक होता. आपल्या देशातही, प्रयागच्या 2011 च्या माघमेळ्यातले कल्पवासी, म्हणजे महिनाभर नदीकाठी मुक्कामाला राहणारे यात्रेकरू, घरी परतल्यावरही आपली तब्येत अधिक बरी असल्याचं सांगत होते.

आपल्याकडे मात्र असे प्रश्न शांतपणे विचारायची जागाच आक्रसली. वारकऱ्यांचा आदर राखून बुवाबाजीशी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. आता एकीकडे मंत्राला प्रमाणपत्र हवं असतं आणि दुसरीकडे देवळाचं नाव काढलं तरी चालत नाही.

सरकारी पैसा खर्चायचाच असेल तर गावोगावच्या भजनी मंडळांतल्या एकट्या, वयस्क बायकांवर खर्चा. मंडळात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, दोघींची प्रकृती दहा वर्षं नोंदवा. कोणाची औषधं वेळेवर होतात, आजारपणात कोणाच्या घरी कोणी फिरकतं, ते लिहून ठेवा. निकाल श्रद्धेच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो जसाच्या तसा छापा.