सुट्या भागांची रायफल : कायदा, कारागिरी आणि काटकसर

जुन्या लष्करी रायफली मोडीत काढून त्यांचे सुटे भाग खोक्यात भरून विकायचे आणि हौशी माणसाने ते घरी जोडून कमी पैशांत रायफल उभी करायची, हा प्रघात अमेरिकेत जुना आहे. तेथील १९६८ च्या कायद्याने रायफलीचा मुख्य सांगाडा, म्हणजे ज्यात बोल्ट पुढे-मागे सरकतो तो ‘रिसीव्हर’, एवढाच भाग शस्त्र ठरवला. त्यामुळे तो कापून निकामी केला की उरलेले लाकूड, चाप, स्प्रिंगा हे सारे साधे सामान होऊन बसते आणि ग्राहक फक्त नवा सांगाडा रीतसर विकत घेतो. अशी जोडाजोड शक्य होते ती एका जुन्या शोधामुळे. अठराव्या शतकापर्यंत प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानस लावून त्या एकाच बंदुकीपुरता बसवत असे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां आणि पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जॉन हॉल यांनी एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनदिक्कत बसेल इतक्या काटेकोर मापांची पद्धत रुजवली, आणि आजचे सायकलीपासून पंपापर्यंतचे सारे कारखाने त्याच पद्धतीवर चालतात.

भारतात मात्र ही वाट मुळातच बंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रे यांचा समावेश केला आहे, म्हणजे नुसती नळी बाळगणे हेही कायद्याच्या दृष्टीने शस्त्र बाळगणेच ठरते. शस्त्र बनवणे, त्यात बदल करणे, इतकेच काय पण व्यवसाय म्हणून दुरुस्त करणे यांसाठीही कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. या कडकपणामागे १८७८ च्या इंग्रजी कायद्याचा वारसा आहे हे खरे, पण तांत्रिक कारणही आहे. ‘पॉइंट टू-टू’सारख्या लहान काडतुसातही नळीच्या मुळाशी वातावरणाच्या सुमारे दीड हजार पट दाब क्षणभर निर्माण होतो, आणि तो नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. घरच्या व्हाइसवर ही चाचणी होत नाही, आणि ती करून पाहण्याचा मोह टाळलेलाच बरा.

स्वस्तात रायफल उभी करण्याचा प्रश्न तरीही खराच आहे, आणि तो जालना जिल्ह्यातील परतूरसारख्या तालुक्याच्या गावी अधिक बोचणारा आहे, कारण नेमबाजीच्या मोठ्या रेंज मुंबईत वरळीला किंवा पुण्यात बालेवाडीला. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या हेलसिंकीतील खाशाबा जाधव यांच्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला आणि रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेते झाले होते. या यशानंतर खेड्यापाड्यांतील पालकांनी रायफलीची किंमत विचारली की जर्मन बनावटीच्या स्पर्धा-रायफलीचा लाखांतला आकडा ऐकून विषय तेथेच संपतो.

तो तेथे संपण्याचे कारण नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ०.१७७ इंचापर्यंत नळी असलेल्या एअर रायफलीला परवान्यातून वगळले आहे. स्पर्धेतील साडेचार मिलिमीटरची पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिची ऊर्जा आठ ज्यूलही भरत नाही. स्प्रिंग बदलून ‘पॉवर’ वाढवून देणारे कारागीर गावोगाव भेटतात, पण २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की परवाना लागतो आणि दहा मीटरच्या खेळात त्या ताकदीचा काडीचा उपयोग नसतो. ठाणे जिल्ह्यातील प्रिसिहोल ही खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणारी कंपनी आता एअर रायफलीही बनवते. त्यामुळे पहिली रायफल देशी घेणे आता कमीपणाचे राहिलेले नाही.

खरी काटकसर पुढे सुरू होते, आणि येथे सुट्या भागांचा विचार वेगळ्या अर्थाने परत येतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते. डोळ्याजवळचे छिद्र, ज्याला पीप साइट म्हणतात, आणि नळीच्या टोकाची माशी यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी ०.२ मिलिमीटर हलली की एक पूर्ण गुण गेला. इतकी सूक्ष्म थरथर नळी बदलून जात नाही. ती जाते खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गालाखालचा चीकपीस नेमबाजाच्या मापाला आणल्याने. हे दोन्ही भाग वर-खाली सरकवता येतील अशी साधी रायफल ही न सरकणाऱ्या महागड्या रायफलीपेक्षा केव्हाही चांगली. नियमांनी एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोवर बांधून ठेवले आहे आणि दुर्बीण नाकारली आहे, त्यामुळे पैशाने विकत घेता येण्याजोगा फरक तसाही मर्यादित राहतो.

पाठीला आधार देणारे कॅनव्हासचे जाड जॅकेट, पँट आणि बूट यांना नेमबाज ‘किट’ म्हणतात, आणि अंगाबरोबर वाढणाऱ्या मुलांसाठी ते सेकंडहँड घेण्यात काहीच गैर नाही. फक्त जॅकेटच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या आत आहे ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत ते बाद होते. चालू खर्च मात्र पेलेटचाच. पाचशेचा डबा रोज शंभर नेमांनी पाच दिवसांत रिकामा होतो, म्हणून छर्रा न भरता चाप दाबण्याचा ‘ड्राय फायर’ सराव हा गरिबाचाच नव्हे तर जगज्जेत्यांचाही रोजचा पाठ आहे.

रेंजला दहा मीटर अंतर आणि नेमबाजामागे उभे राहण्यापुरती जागा पुरते, म्हणजे शाळेचा एखादा लांबट हॉलही चालतो. लक्ष्यामागे खाली झुकवलेला लोखंडी पत्रा व वाळूची पेटी, नेम चालू असताना पुढे कोणी न जाण्याचा कडक नियम, आणि शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुणे, एवढ्यात कसूर चालत नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची असून तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचेही पहिले अध्यक्ष असलेले गणेश वासुदेव मावळंकर होते. जिल्हा व राज्य स्पर्धांतून वर आलेला खेळाडू आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जातो. परतूरच्या एखाद्या शाळेने हे मनावर घेतले, तर पहिल्या वर्षी मापाला सरकणाऱ्या दोन देशी एअर रायफली, वेगवेगळ्या मापांची जुनी जॅकेटे आणि उरलेल्या सर्व पैशांची पेलेट घ्यावीत. परदेशी रायफलीचा विचार एखादे मूल राज्य स्पर्धेपर्यंत पोचल्यावर करावा.