पूर्ण एक मिनिट

सकाळी 6. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोंढा गावात डिसेंबरची थंडी, धानाच्या चुरण्या सुरू. चूल पेटवता पेटवता, गावातल्या बाळ-बाळंतिणींची काळजी घेणाऱ्या आशाताई बोटांवर बाळांचे दिवस मोजतात. वारांशी त्यांना फारसं घेणंदेणं नाही. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, हेच त्यांचं कॅलेंडर. आज एका घरी तिसरा, दुसऱ्या घरी चौदावा.

8.30. तिसऱ्या दिवसाचं घर. बाळंतीण काल 102 च्या रुग्णवाहिकेनं घरी आलीय. पाणी तापवून आजीबाई तयारच.

"लेकराला न्हाऊ घालतो म्हणतो."

"थांबा जी मावशी, आधी वजन करू द्या."

साबणानं हात धुतात, मुद्दाम आजीबाईंच्या देखत. झोळीच्या काट्यावर 1 किलो 900 ग्रॅम. म्हणजे दोन किलो भरेपर्यंत आंघोळ नाही, कोमट फडक्यानं पुसायचं, बाळ आईच्या उराशी. नाळेला हळद-तेल काही नाही.

मग दुपटं बाजूला करून ताई पोटाकडे बघत बसतात, हातात घड्याळ. घरच्यांना वाटतं, ही नुसतीच बसली. पण अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं इथं चालत नाही. नवजात बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मग भराभर चालतो. 60 किंवा वर भरले तर पुन्हा मोजायचे, परत तेच आले तर दवाखाना. आज 48.

घरी जाऊन बाळ जपण्याची ही विद्या वैनगंगेच्याच खोऱ्यातली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या बायकांना ती शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथल्या नवजात मृत्यूदरात तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्के घट झाली होती. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2011 पासून हे काम देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे आलं.

11. चौदाव्या दिवसाचं घर. बाळ गुटगुटीत, बघायला शेजारणींची गर्दी. बाळंतिणीकडे कोण बघतं? ताई सगळ्यांना बाहेर काढतात.

"दिवसाला किती कापडं बदलते व?"

ती लाजते. पाचाच्या वर गेली तर दवाखान्यात न्यायचं, म्हणून विचारणं आलं. ताप नाही. पण पाणी कमी देतात म्हणते. पोट सुटेल ना! इथं ताईंचा आवाज चढतो.

4. फॉर्म. सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, तेही बेचाळीस दिवस उलटल्यावर, लसी आणि जन्मनोंद झाली असेल तर. एका भेटीमागे किती पडतात, हा हिशेब कुणी केला नसेल असं नाही.

रात्री 9. फोन. सकाळच्याच आजीबाई.

"परवा पाचवी आहे जी. त्या दिशी तरी घालू द्या न आंघोळ."

"काटा घेऊन येतो सकाळी."